हिमनद्या आटताहेत, मग ओढ्यातल्या जिवांचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की नागपूरकर मनाली, केदारनाथ, गंगोत्रीची वाट धरतात. परत आल्यावर पहिला प्रश्न बहुधा पाण्याचा असतो: तो ओढा इतका राखाडी का होता, त्यात काही जगतं का, आणि हिमनदी संपली की त्याचं काय होणार? ट्रेकर, शाळेतले शिक्षक आणि प्राणिशास्त्र-पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी पुन्हा पुन्हा हेच विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही थोडक्यात आटोपतात, काहींना जागा लागते.

हिमनदीच्या मुखातून निघणाऱ्या पाण्यात खरंच काही जिवंत असतं का?

असतं, आणि बऱ्यापैकी असतं. मुखाजवळ पाण्याचं तापमान ० ते २ अंश सेल्सिअस. तिथला एखादा मुठीएवढा दगड उलटा करून पाहा. पहिल्या नजरेत काही दिसत नाही. अर्धा मिनिट थांबलं की करड्या-तपकिरी रंगाची, सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान अळी हलताना दिसते. पुढच्या आणि मागच्या टोकाला आखूड पायांसारखे अवयव, त्यांवर बारीक आकड्या. त्या आकड्यांनी ती दगडाला चिकटून राहते. ही डायमेसा, म्हणजे न चावणाऱ्या मिज माश्यांच्या कायरोनोमिडी कुळातली एक प्रजाती-गट.

याच कुळातल्या लाल अळ्या नागपुरात सांडपाण्याच्या गाळात ढिगाने मिळतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. ऑक्सिजन कमी असलेल्या चिखलात तग धरायची ती सोय आहे. मुखाजवळच्या डायमेसाला ती गरज नाही. तिचा प्रश्न वेगळा: थंडी, गाळ आणि क्षणोक्षणी सरकणारा तळ.

थंडीची हद्द किती, तर नेपाळमधल्या लांगटांग खोऱ्यातल्या ‘याला’ नावाच्या हिमनदीवर डायमेसाची आखूड पंखांची, उडू न शकणारी जात सापडली. उणे १६ अंशांतही ती चालताना दिसली. १९८४ मध्ये जपानी संशोधक कोशिमा यांनी ती नोंदवली. तिच्या अळ्या बर्फाखालच्या वितळपाण्याच्या नळ्यांत वाढतात आणि नील-हरित शैवाल व जिवाणू खातात.

ते पाणी दुधाळ का दिसतं? घाण असते का?

घाण नाही, दगडाचं पीठ आहे. हिमनदी सरकताना तळाचा खडक घासते आणि इतका बारीक चुरा करते की तो पाण्यात तासन्‌तास तरंगत राहतो. पण जिवांना हे पीठ महागात पडतं. उजेड तळापर्यंत पोचत नाही म्हणून शैवाल वाढत नाही. जे वाढतं ते वाहता चुरा सँडपेपरसारखा खरवडून नेतो. कल्ल्यांवर थर बसतो.

उन्हाळ्यात याला रोजची लय असते. पहाटे पाणी सर्वांत कमी, दुपारी ऊन लागून वितळ वाढतं, संध्याकाळच्या सुमाराला ओढा फुगलेला. म्हणूनच डोंगरातले वाटाडे ओढा सकाळीच ओलांडायला लावतात. कीटकांच्या दृष्टीने बरे दिवस दोनच: वितळ सुरू होण्याआधीचा वसंत आणि वितळ ओसरल्यावरची शरद. तेव्हा पाणी नितळ असतं, तळ स्थिर असतो आणि वर्षाचं बरंचसं शैवाल याच काळात तयार होतं. थंड पाण्यातलं हायड्र्युरस हे सोनेरी-तपकिरी शैवाल तेव्हा दगडांवर केसांच्या झुपक्यांसारखं लोंबतं. हाताला बुळबुळीत, वासाला माशासारखं. पाणी तापलं की ते नाहीसं होतं.

हिमनदी आटली म्हणजे ओढाही आटणार ना?

शेवटी हो, पण आधी उलटं होतं, आणि गोंधळ इथेच होतो. हिमनदी आक्रसायला लागली की सुरुवातीची काही दशकं ओढ्याला पाणी जास्त येतं, कारण साठलेला बर्फ कधी नव्हे इतक्या वेगाने सुटतो. मग एक कमाल गाठली जाते आणि तिथून उतार लागतो. काठमांडूच्या इसिमोड संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांनी २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने बर्फ गमावला. उत्सर्जन असंच राहिलं तर शतकाअखेर त्यांच्या आजच्या आकारमानापैकी ८० टक्क्यांपर्यंत बर्फ जाऊ शकतो. पाण्याची कमाल या शतकाच्या मध्याच्या आसपास अपेक्षित आहे.

म्हणजे एखाद्या वर्षी ओढा भरून वाहताना दिसला, तर त्यावरून हिमनदी ठणठणीत आहे असं मानू नका. अनेकदा अर्थ नेमका उलटा असतो.

जिवांच्या दृष्टीने पाण्याच्या मापापेक्षा त्याचा स्वभाव आधी बदलतो. उतार लागल्यावर गाळ कमी होतो, पाणी नितळ होतं, तळाचे दगड एका जागी राहू लागतात, दिवसातला चढउतार मंदावतो आणि तापमान चढतं. ओढा पूर्ण कोरडा पडण्याच्या कितीतरी आधी त्यातली वस्ती बदललेली असते.

पाणी दोन-चार अंशांनी वाढलं तर इतकं काय बिघडतं?

नागपुरात दोन अंशांनी घामसुद्धा फारसा वाढत नाही. या ओढ्यांत मात्र दोन अंशांवर अख्खी वस्ती बदलते. मिल्नर आणि पेट्स या संशोधकांनी १९९४ मध्ये मांडलेला क्रम आजही कामाला येतो. कमाल तापमान २ अंशांखाली असेल तर जवळपास एकटी डायमेसाच. २ ते ४ अंशांत तिच्या जोडीला इतर मिज अळ्या आणि काळ्या माशीच्या अळ्या. ४ अंशांच्या वर गेलं आणि तळ स्थिर झाला की मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या कीटकांची पाण्यात वाढणारी पिल्लं येतात. हा क्रम युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या ओढ्यांवरून बसवला आहे, तेव्हा हिमालयात प्रत्येक कुळ त्याच पायरीवर सापडेल असं धरू नका. तापमान आणि तळाची स्थिरता हे दोन मोठे घटक मात्र सगळीकडे तेच.

ऑक्सिजनचा हिशेबही बघा. समुद्रसपाटीला ० अंशाच्या पाण्यात तो साधारण १४.६ मिलिग्रॅम प्रति लिटर मावतो, १० अंशांना ११.३. पण ४००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६१ टक्केच असतो. त्यामुळे तिथे ० अंशाला जेमतेम ९ आणि १० अंशांना ७ च्याही किंचित खाली. नागपूर ३१० मीटरवर आहे. इथे ३३-३४ अंशांच्या पाण्यात साधारण तेवढाच ऑक्सिजन मावतो. “थंड पाणी, भरपूर ऑक्सिजन” हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य उंचीवर म्हणूनच अर्धंच खरं ठरतं. उसळत्या प्रवाहामुळे पाण्यात हवा मिसळत राहते, त्यामुळे जीव लगेच गुदमरत नाहीत. पण तापमान वाढलं की त्यांची ऑक्सिजनची गरज वाढते आणि पाण्यात मावणारा साठा घटतो, दोन्ही एकाच वेळी.

नव्या प्रजाती येतात, मग संख्या वाढते. हे चांगलंच नाही का?

या पानावरचा हाच सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, आणि फसवाही.

समजा मुखाजवळच्या एका ठिकाणी आज ५ प्रकार मिळतात. वीस-तीस वर्षांनी तिथे ते १५ झालेले असू शकतात. प्रकल्पाच्या तक्त्यात हे सुधारणा म्हणून दिसेल. प्रत्यक्षात नवे आलेले प्रकार खालच्या ओढ्यांत, झऱ्यांत, शेजारच्या खोऱ्यातही असतात. गेलेला एखादा प्रकार मात्र फक्त तिथेच होता. खालचे जीव थंडी सरली की वर सरकतात. वरच्यांना सरकायला वर जागाच उरत नाही, कारण वर उरतो तो नुसता दगड.

जेकबसेन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये इक्वेडोर, आल्प्स आणि अलास्कातल्या ओढ्यांची माहिती एकत्र करून दाखवलं की पाणलोटातली हिमनदी पूर्ण गेली तर त्या भागातल्या एकूण प्रजातींपैकी ११ ते ३८ टक्के जाऊ शकतात. एका जागेवर प्रकार वाढतात आणि तरीही प्रदेशाच्या यादीतून नावं कमी होतात. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. आणखी एक नुकसान मोजमापात सहज निसटतं: हिमनदीचे, हिमाचे आणि झऱ्याचे असे तीन स्वभावांचे ओढे एकाच खोऱ्यात असतात, तेव्हा प्रत्येकात वेगळी मंडळी असते. हिमनदी गेली की ते सगळे एकमेकांसारखे होत जातात.

म्हणून अहवालात नुसता “प्रजातींची संख्या” असा रकाना ठेवू नका. शेजारी “यांपैकी फक्त हिमनदीच्या पाण्यात आढळणाऱ्या” असा दुसरा रकाना हवाच.

कोणते जीव आधी जातात?

जे एकाच अरुंद पट्ट्यात राहतात आणि लांब उडू शकत नाहीत ते. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातली लेडनिया ट्युमाना ही स्टोनफ्लाय आणि झपाडा ग्लेसियर ही तिची नातेवाईक, दोघींना नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्या कायद्याखाली ‘धोक्यात’ असा दर्जा मिळाला. कारण म्हणून थेट हिमनद्या आणि हिमक्षेत्रांचं आटणं नोंदवलं आहे.

पण चित्र एकतर्फी रंगवू नये. मोंटानातल्याच ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे थंड पाण्याचे जीव अशा ओढ्यांतही टिकलेले सापडले, जिथली हिमनदी केव्हाच संपली आहे. उन्हाळाभर टिकणारं हिम आणि थंड झरे त्यांना पुरले होते. दगडांच्या राशीखाली दडलेला बर्फही असाच आसरा देतो. हिमालयातही अशा दगडी राशी आहेत. वाचवायच्या जागा निवडायच्या तर आधी या थंड कोपऱ्यांचा नकाशा व्हायला हवा.

माशांना फायदा की तोटा?

दोन्ही, आणि कोणत्या माशाला हे विचारायला हवं. हिमालयातला असेला, म्हणजे स्नो ट्राउट, दगडावरचं शैवाल खरवडून खातो. मुखाजवळच्या गढूळ पाण्यात त्याला काही मिळत नाही, त्यामुळे पाणी नितळ आणि किंचित उबदार झालं की तो वर येऊ शकतो. पण त्याच वाटेने ब्राउन ट्राउटही येतो. तो इथला नव्हे. इंग्रजांनी १९०० च्या आसपास काश्मीरमध्ये आणून सोडला आणि नंतर इतर खोऱ्यांत पसरवला. मांसाहारी आहे. मोठे कीटक आणि लहान मासे दोन्ही फस्त करतो.

वर सरकायचं म्हटलं तरी वाटेत धबधबे आहेत, धरणं आहेत. महासीर अंडी घालायला वर चढतो, आणि त्याला बांध आडवा आला की उबदार पाण्याचा उपयोग शून्य.

अलास्का आणि कॅनडाच्या किनाऱ्याला मात्र खरा फायदा दिसतो. हिमनद्या मागे हटल्यावर मोकळ्या होणाऱ्या ओढ्यांपैकी सुमारे ६,१०० किलोमीटर लांबीचे ओढे २१०० पर्यंत सामन माशाला उपलब्ध होऊ शकतात, असा २०२१ चा अंदाज आहे. हा आकडा घेऊन “हिमनदी गेली तरी चालेल” असं म्हणणारे भेटतात. त्याच मोकळ्या खोऱ्यांवर खाणवाल्यांचाही डोळा आहे, हे ते सांगत नाहीत.

पक्ष्यांवर काही परिणाम?

ओढ्यात बुडी मारणारा तपकिरी डिपर आणि दगडादगडांवर शेपटी हलवत बसणारे रेडस्टार्ट पाण्यातल्या कीटकांवरच जगतात. पाणी लवकर तापलं की कीटक आधी पंख फोडून बाहेर पडतात. पिल्लांच्या जेवणाची वेळ त्याच्याशी जुळली तर ठीक, हुकली तर उपासमार.

जिवाणूंना काय फरक पडणार? ते तर कुठेही वाढतात.

हा समज चुकीचा आहे. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल संस्थेच्या पथकाने नेपाळसह जगभरच्या पर्वतरांगांतल्या दीडशेहून अधिक हिमनदी-ओढ्यांच्या तळाचे नमुने गोळा केले. २०२५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत दिसलं की या ओढ्यांतले जिवाणू इतर थंड प्रदेशांतल्यांपेक्षा वेगळे आहेत आणि त्यांतले बरेचसे एकाच पर्वतरांगेपुरते मर्यादित आहेत.

गाळ बसल्यावर उजेड तळाला पोचतो, शैवाल वाढतं, ओढा हिरवट होतो. आतापर्यंत खडकातली खनिजं आणि बर्फातला हजारो वर्षांपूर्वीचा कार्बन वापरणारे जिवाणू मग ताज्या शैवालावर जगणाऱ्यांपुढे मागे पडतात. ओढा हिरवा झाला म्हणून “निसर्ग बहरला” असा मथळा देण्याआधी दोनदा विचार करावा.

नागपूरच्या पाण्यावर याचा परिणाम होईल का?

थेट नाही. कन्हान, पेंच, वैनगंगा या सातपुड्यातून येणाऱ्या, पावसावर चालणाऱ्या नद्या. आपलं पिण्याचं पाणी नवेगाव खैरीच्या धरणातून आणि कन्हानमधून येतं. त्यात हिमनदीचा थेंबही नाही.

सगळ्याच हिमालयी नद्या सारख्या नाहीत, हेही लक्षात ठेवा. वरच्या सिंधू खोऱ्यातल्या प्रवाहात हिमनदीच्या वितळपाण्याचा वाटा सुमारे ४० टक्के, वरच्या गंगा खोऱ्यात सुमारे ११-१२ टक्के. गंगेचा मोठा भार पावसावरच आहे. “हिमनद्या गेल्या की गंगा कोरडी” असा व्हॉट्सॲपवर फिरणारा संदेश पुढे ढकलू नये.

हिमतलाव फुटून येणारे पूर ओढ्यातल्या जिवांना संपवतात का?

त्या पट्ट्यापुरते, हो. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव फुटला, ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक तलाव फुटून चुंगथांगचं धरण वाहून गेलं. अशा पुरात तळाचे दगडच उलथेपालथे होतात. बाजूच्या झऱ्यांतून आणि उडत्या प्रौढांनी घातलेल्या अंड्यांतून वस्ती पुन्हा सुरू होते. डायमेसासारखे पहिले, स्थिर तळ लागणारे सर्वांत शेवटी. बाजूचे झरेच रस्त्याच्या राड्यारोड्याखाली बुजवले असतील, तर वस्ती परतायला कुठून?

आमच्या कॉलेजला हिमालयात अभ्यास करायचा आहे. काय मोजावं आणि कसं?

आधी परवानगी. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यात नमुने घ्यायला वन विभागाची लेखी परवानगी लागते, आणि ती मिळायला महिने लागतात. ट्रेकचा परवाना म्हणजे नमुन्यांचा परवाना नव्हे.

वेळ नीट निवडा. उत्तराखंडात जुलै-ऑगस्टला पावसाचं पाणी आणि वितळ एकमेकांत मिसळतं, मग कशाचा परिणाम कळत नाही. मे-जूनचा सुरुवातीचा भाग किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बरा. लाहौल-स्पितीसारख्या पर्जन्यछायेत जुलै-ऑगस्टही चालतो.

घरूनच करायचं काम: पाणलोटात हिमनदीचा वाटा किती टक्के हे काढा. जमिनीच्या उंचीचं ३० मीटर बारकाव्याचं डिजिटल मॉडेल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, नमुन्याच्या जागेपासून वरचा पाणलोट आखा, त्यावर रँडॉल्फ हिमनदी सूचीतल्या (जगभरच्या हिमनद्यांची यादी) सीमा ठेवा. पाणलोट २० चौरस किलोमीटर आणि बर्फ ६ असेल तर वाटा ३० टक्के. सगळं फुकट मिळतं. अडलात तर इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आणि राज्याचं सुदूर संवेदन केंद्र एमआरसॅक दोन्ही नागपुरातच आहेत. जाणकार शोधायला लांब जायला नको.

जागा किमान चार घ्या: मुखाजवळ, एक-दोन किलोमीटर खाली, झऱ्याचा ओढा मिळण्याच्या आधी आणि नंतर. बाजूचा झऱ्याचा ओढा तुलनेसाठी हवाच.

कीटकांसाठी ३० × ३० सेंटिमीटर चौकटीची सर्बर जाळी वापरा. छिद्र २५० मायक्रॉन. ५०० ची जाळी नेलीत तर लहान डायमेसा निसटून जाईल आणि “काही मिळालं नाही” असा निष्कर्ष निघेल. जाळीचं तोंड प्रवाहाकडे. चौकटीतले मोठे दगड एकेक करून जाळीच्या तोंडाशी हाताने चोळा, मग तळ ५ सेंटिमीटर खोलीपर्यंत मिनिटभर ढवळा. एका जागी असे पाच नमुने. सुरुवात नेहमी खालच्या बाजूने, नाहीतर तुम्हीच ढवळलेले कीटक पुढच्या नमुन्यात येतात. पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून निवडा, बाटलीत ७० ते ९० टक्के अल्कोहोल. जाळीत गाळ भरपूर येतो आणि त्यातलं पाणी अल्कोहोल पातळ करतं, म्हणून दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदला. लेबल पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

अल्कोहोल नागपूरहून न्यायचा बेत करू नका. तीव्र अल्कोहोल विमानाच्या सामानात चालत नाही आणि रेल्वेतही ज्वलनशील द्रव न्यायला मनाई आहे. तिथल्या कॉलेजशी आधी बोलून ठेवा.

काम सकाळी आटपा. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उतरायचं नाही, सॅकचा कमरपट्टा सोडलेला असावा, आणि काठावर एक माणूस प्रवाहाच्या वरच्या बाजूला लक्ष ठेवून.

मोजमापात नेहमी काय चुकतं?

सर्वाधिक घोळ तापमानाचा. एकदा थर्मामीटर बुडवून घेतलेला आकडा निरुपयोगी, सकाळी ०.५ आणि दुपारी ३ असतो. डेटा लॉगर दर ३० मिनिटांना नोंद करेल असा लावा. तो स्टीलच्या तारेने मोठ्या, न हलणाऱ्या दगडाला बांधा, प्रवाहाच्या मुख्य धारेत पण दगडाच्या आडोशाला, आणि ऊन लागू नये म्हणून छिद्रं पाडलेल्या पांढऱ्या पाइपच्या तुकड्यात ठेवा. नोंदींत रात्री अचानक उणे आकडे दिसले तर पाणी उतरून लॉगर उघडा पडला आहे, ती हवेची थंडी. रेष एकदम सपाट झाली तर तो गाळात पुरला गेला. निघण्याआधी किसलेला बर्फ आणि थोडं पाणी यांच्या लगद्यात सगळे लॉगर तासभर ठेवा. ० दाखवायला हवा, जो ०.४ दाखवेल त्याचा फरक लिहून ठेवा. आणि मेमध्ये उपकरणं बंद गाडीत ठेवू नका.

पाण्याची विद्युत चालकता मोजणारं यंत्र आकडा २५ अंशांवर आणून दाखवतं. ० अंशाजवळ ही दुरुस्ती नीट बसत नाही. मूळ आकडा आणि तापमान दोन्ही लिहा. आयन कमी असलेल्या पाण्यात पीएचचं इलेक्ट्रोड स्थिर व्हायला बराच वेळ घेतं, घाई केली की आकडा खोटा येतो.

एकदाच जाऊन “हिमनदी आटल्याने बदल झाला” असं लिहिता येत नाही. एका फेरीत फक्त जागांमधला फरक कळतो. काळातला बदल सांगायला त्याच जागी, त्याच आठवड्यात, अनेक वर्षं जावं लागतं.

हिमालयात न जाता नागपुरात काय करता येईल?

ऑक्सिजनचा प्रयोग अकरावी-बारावीच्या मुलांना सहज जमतो. एका भांड्यात नळाचं पाणी घ्या, भांडं बर्फाच्या टबात ठेवा. बर्फ पाण्यात टाकू नका. मत्स्यालयाच्या पंपाने तासभर हवा सोडा. दुसऱ्या भांड्यात मेच्या दुपारी छतावरच्या टाकीतून आलेलं पाणी, त्यातही तासभर हवा. ३०० मिलिलिटरच्या बीओडी बाटल्या बुडबुडा न ठेवता भरा. लगेच २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला, टोपण लावून उलटसुलट करा. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढरा म्हणजे जवळपास नाही. साका बसल्यावर २ मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल, हे शिक्षकांनीच, हातमोजे आणि चष्मा लावून. मग २०० मिलिलिटर नमुना ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट करा, शेवटी स्टार्च. जितके मिलिलिटर लागले तितकेच मिलिग्रॅम प्रति लिटर.

थंड बाटलीचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला तर कारण ठरलेलं: रसायनं घालायला उशीर झाला आणि खोलीच्या उष्म्याने ऑक्सिजन बुडबुड्यांतून निघून गेला. उलट, आकडा अशक्य जास्त आला तर बाटलीत हवेचा फुगा राहिला होता.

सर्बर जाळीचा सराव पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सातपुड्याच्या पायथ्याच्या खळाळत्या ओढ्यांवर करावा. मेफ्लायची पिल्लं बहुधा भेटतातच. बहुतेकांना शेपटीचे तीन धागे असतात, स्टोनफ्लायला दोन. पेंचच्या व्याघ्र प्रकल्पात मात्र परवानगीशिवाय नाही.

ट्रेकला जाणाऱ्याने काय पाळावं?

ओढ्यात साबण-शाम्पू नको, “ऑरगॅनिक” लिहिलेलाही नको. बूट एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाताना घासून पूर्ण वाळवा; ओल्या तळव्यातून शैवाल प्रवास करतं. दगड उचलून पाहिलात तर तसाच, त्याच बाजूने परत ठेवा, खाली चिकटलेली अंडी उन्हात वाळून जातात. आणि फोटो काढताना जागा, उंची, तारीख व वेळ नोंदवा. मुखाचा एकाच ठिकाणाहून दरवर्षी घेतलेला साधा मोबाइल फोटो अभ्यासकाला उपयोगी पडतो; सेल्फी नाही.

नमुन्यांची ओळख कोण पटवून देईल?

कुळापर्यंत कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाने पोचता येतं. त्यापुढे डायमेसाच्या अळीचं डोकं वेगळं करून स्लाइड बनवावी लागते आणि जबड्याखालच्या पट्टीचे दात मोजावे लागतात. जातीची खात्री अनेकदा प्रौढ नराशिवाय होत नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं मुख्यालय कोलकात्याला आहे. जवळचं केंद्र जबलपूरला, हिमालयासाठी देहरादून आणि सोलन. नमुने पाठवण्याआधी पत्र लिहून विचारा. त्यात गोळा करण्याच्या परवान्याची प्रत, जागेचे अक्षांश-रेखांश, उंची, तारीख आणि पाण्याचं तापमान द्या. यातलं एखादं नसेल तर नमुना कितीही सुंदर असला तरी संग्रहात घेतला जाणं अवघड.